गळूनही वाढणारं तेल

गाडीखाली डाग पडलाय हे सगळ्यांत आधी वनमालाबाईंना कळलं, आणि गोपाळरावांच्या मते तिथंच प्रकरण हाताबाहेर गेलं. डाग आधी त्यांच्या नजरेस पडता तर त्यांनी वरून बादलीभर पाणी ओतलं असतं, चपलेनं थोडी माती सारली असती, आणि फाइल उघडण्याआधीच बंद झाली असती. पण पोळ्याची कर होती, वनमालाबाई सडा घालायला फाटकाबाहेर आल्या, आणि त्यांच्या रांगोळीच्या जागेवर, अगदी मधोमध, ताटलीएवढा काळपट डाग बसलेला. त्यांनी त्यावर सडा घातला. पाणी बाजूला सरकलं, डाग हलला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी लहान पोरासारखी करून राह्यली."

गोपाळराव तहसील कचेरीत सीनियर असिस्टंट होते. आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनींचे पंचनामे करण्यात गेल्यामुळे स्वतःच्या दारातला डागही त्यांनी त्याच शिस्तीनं घेतला. मुलीच्या, आरोहीच्या, दप्तरातून खडू काढून डागाभोवती रेघ मारली. उद्या डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे, नाही गेला तर गाडीचा तो एक वेळचा अपराध, असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर होता. त्यांनी दुसरी रेघ मारली. चारपाच दिवसांत फाटकासमोर भूगोलाच्या पुस्तकातल्या डोंगराच्या नकाशासारखी वर्तुळं झाली आणि येणारीजाणारी माणसं ही नवीन कोणती रांगोळी म्हणून विचारू लागली.

इथं गाडीविषयी थोडं सांगायला हवं. ती जुनी होती. किलोमीटरचा काटा दोन लाखांच्या पुढे कुठंतरी जाऊन दमला होता, उजवी काच वर करताना हातानं आधार द्यावा लागे, आणि सकाळी सुरू होताना ती एखाद्या विडीवाल्या म्हाताऱ्यासारखी खोकलायची. पण कचेरीत गोपाळरावांच्या वर साहेब होते, घरात वनमालाबाई होत्या, आणि जगात त्यांच्या सांगण्यावरून वळणारी ही एवढीच एक गोष्ट होती. तीही सावकाश वळायची, ते सोडा.

आता या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षं झाली की गाडीला पुन्हा आर.टी.ओ.च्या साहेबांपुढे उभं करायचं. साहेब मुआयना, म्हणजे तपासणी, करतात, ठीक वाटली तर गाडी पुढे रस्त्यावर राहते. ऑनलाइन तारीख घेऊन झाली होती. आणि नेमका असा गळका उमेदवार घेऊन परीक्षेला बसायची वेळ आलेली.

"गळती गाडी कोणी पास करत नसते," शेजारचे लक्ष्मणराव कंपाउंडवरून म्हणाले. ते मंचेरियलच्या कोळसा खाणीतून रिटायर होऊन आदिलाबादच्या मावला वस्तीत राहायला आले होते आणि जमिनीवरच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे जमिनीखालचं उत्तर असायचं. "विकून टाका सार. लोखंडाचा भाव तरी येईल."

हे 'लोखंडाचा भाव' गोपाळरावांना झोंबलं. झोंबलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. छाती काढून म्हणाले, "माझी गाडी पास होणार. नापास झाली तर त्याच दिवशी भंगारवाल्याला देतो. माझ्या हातानं देतो."

"लक्ष्मणराव, तुमी ऐकलं ना?" वनमालाबाईंनी आतून विचारलं.

"ऐकलं वहिनी."

असा साक्षीपुराव्यासकट तो शब्द नोंदला गेला.

हे सगळं ओसरीवरच्या खुर्चीत बसून माणिकरावही ऐकत होते. माणिकराव म्हणजे गोपाळरावांचे मोठे भाऊ. राहणार वांकिडीच्या अलीकडचं गाव, पीक कापूस आणि ज्वारी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला आदिलाबादला आले होते आणि डॉक्टरांनी काळा चष्मा लावून महिनाभर थांबायला सांगितलं होतं. स्वभाव असा की दोन वाक्यांच्या मध्ये एक विडा लावून व्हायचा. बैलजोडी विकून त्यांना दोन वर्षं झाली होती. आता शेतात भाड्याचा ट्रॅक्टर यायचा, आणि ट्रॅक्टरशी काय बोलणार? पोळ्याला ते शहरात अडकले, तेव्हा त्यांनी गोपाळरावांच्या गाडीलाच झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. आरोहीनं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सगळ्यांनी हात जोडले. गोष्ट तिथं संपली, असं सगळ्यांना वाटलं.

"आता कसं हाये त्याले?" माणिकराव रोज सकाळी विचारायचे.

"गळून राह्यलं दादा," गोपाळराव म्हणायचे.

"हं," माणिकराव म्हणायचे, आणि विडा लावायला घ्यायचे.

गोपाळरावांनी गाडी करणकडे नेली. करण बसस्टँडच्या मागे गॅरेज चालवायचा आणि कोणत्याही आजारावर आधी वॉशर बदलायचा. त्यानं खालच्या बोल्टचा वॉशर बदलला. गाडी गळली. त्यानं ऑइल फिल्टर बदलला. गाडी जास्त गळली. मग त्यानं तेलाची पातळी मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली, उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

"सार, तुमी तेल टाकलं?"

"नाही."

"तेल तर वरच्या खुणेच्याही वर हाये. रोज गळते म्हणता, मंग कमी व्हायला पाह्यजे ना? हे वाढून राह्यलं."

गोपाळरावांनी पट्टी स्वतः उजेडात धरून पाहिली. गळूनही वाढणारं तेल त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. महसूल खात्यात उलटं घडताना त्यांनी पाहिलं होतं, काही न गळताही जमीन कमी भरते. पण हे नवीन होतं. घरी येऊन त्यांनी हे जरा अभिमानानंच सांगितलं. आपली गाडी आजारी का असेना, साधी आजारी नाही.

"वाढते म्हणजे चांगलंच हाये," माणिकराव ओसरीवरून म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

याच सुमारास वासाची भानगड सुरू झाली. गाडी जिथं थांबेल तिथं भजी तळल्याचा वास यायचा. गोपाळरावांना त्यात वावगं वाटलं नाही, कारण आदिलाबादेत दिवसाच्या कोणत्याही वेळी कोणी ना कोणी मिरची भजी तळतच असतं. पण एकदा सिग्नलला शेजारच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "अन्ना, बज्जी कहां मिल रहे?" आणि कलेक्टर ऑफिसच्या भिंतीशी गाडी लावली की तिथली दोन कुत्री बॉनेटसमोर पुढचे पाय जोडून बसायची. गोपाळरावांनी याचा अर्थ असा काढला की कुत्र्यांनाही या गाडीबद्दल आदर आहे.

"आणि हे जवसाचं तेल कोण खाऊन राह्यलं?" त्याच आठवड्यात वनमालाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. माणिकरावांनी गावाहून घाणीच्या तेलाचा मोठा डबा आणला होता. तो तळाला गेला होता. मग त्यांनीच आवाज उतरवून आरोहीला सांगितलं, "तुझे मोठेबाबा गुडघ्याला चोळत असतील. विचारू नको, त्यांना वाईट वाटंल."

असं ते विचारायचं राहिलं.

तपासणी दोन दिवसांवर आली तेव्हा लक्ष्मणरावांनी खाणीतला उपाय काढला. खाणीत कोळशाची धूळ पेटू नये म्हणून भिंतींवर पांढऱ्या दगडाची भुकटी मारतात. "पांढऱ्यावर काळं लपत नाही सार. इंजिनवर भुकटी मारा, गाडी चालू करा. जिथं ओलं होईल तिथं गळती. शास्त्र हाये."

दगडाची पांढरी भुकटी घरात एकाच ठिकाणी होती आणि ते ठिकाण वनमालाबाईंच्या ताब्यात होतं. पण फाटकासमोरच्या वर्तुळांमुळे रांगोळी काढायला जागाच उरली नव्हती, म्हणून त्यांनी डबा दिला. पांढरी कमी पडली तेव्हा आरोहीनं गुलाबी आणून दिली. गोपाळरावांनी चाळणीनं इंजिनवर अशी रांगोळी भुरभुरली की बॉनेटखाली लग्नघर उभं राहिलं. मग ते जवळून बघता यावं म्हणून इंजिनवर वाकले आणि म्हणाले, "आरोही, चावी फिरव."

इंजिनला पंखा असतो ही गोष्ट लक्ष्मणरावांच्या खाणीतल्या शास्त्रात आलेली नव्हती.

गुलाबी ढग खाली बसला तेव्हा गोपाळराव होते तिथंच, त्याच पोझमध्ये उभे होते. फक्त रंग बदलला होता. लक्ष्मणरावांनी कंपाउंडच्या पलीकडूनच विचारलं, "काही दिसलं का सार?"

"काही दिसून नाही राह्यलं," गोपाळराव डोळे मिटून म्हणाले.

खरं म्हणजे दिसत होतं. इंजिनच्या वर, तेल भरायच्या झाकणाभोवती, गुलाबी रांगोळी भिजून शिऱ्यासारखी झाली होती आणि तिथून एक ओघळ सरळ खाली गेला होता. आरोहीनं ते बोटानं दाखवलं. "पप्पा, झाकण सैल आहे. इथूनच येतंय."

"वरून गळत नसते बाई," लक्ष्मणराव म्हणाले. "पाणी म्हण, तेल म्हण, नेहमी खालून फुटते. तीस वर्षं पाह्यलं."

"तू दहावीचा अभ्यास कर," गोपाळराव म्हणाले. त्यांनी झाकण घट्ट पिळलं, पण ते केवळ शिस्त म्हणून. दुसऱ्या दिवशी ते धुऊनपुसून कचेरीत गेले तरी भुवया गुलाबीच राहिल्या. एका पट्टेदार शेतकऱ्यानं अर्ज देता देता विचारलं, "सार, आज कोन्ता सण हाये?"

तपासणीच्या सकाळी गाडीत पाच जण बसले. गोपाळराव चालवायला. वनमालाबाई निकाल समक्ष ऐकायला. लक्ष्मणराव साक्षीदार. आरोहीला शाळेला सुट्टी होती. आणि माणिकरावांना नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि निघाली. रस्ताभर भज्यांचा वास सोबत होता. आर.टी.ओ.च्या मैदानात पोचेपर्यंत पाचही जणांना भूक लागली होती.

इन्स्पेक्टर साहेब तेलुगू होते, तरुण होते, आणि त्यांना घाई नव्हती. परीक्षकाला घाई नसली की काय होतं हे आरोहीला माहीत होतं. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न पाहिला, टायर दाबले. गोपाळराव मागेमागे हात बांधून चालत होते. कचेरीत लोक त्यांच्या मागे असे चालायचे. मग साहेब म्हणाले, "बॉनेट खोलो. चेसिस नंबर का पेन्सिल प्रिंट होना."

नंबर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर, काचेखाली कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की आकडे उठतात. गोपाळरावांनी कागद ठेवला, पेन्सिल घासली. आकडे उठले नाहीत. कागद पिवळा झाला.

साहेबांनी स्वतः बोट फिरवलं. बोट पिवळं. वास घेतला. "पसुपु," ते म्हणाले. तेलुगूत हळदीला पसुपु म्हणतात, एवढं सगळ्यांनाच कळलं. मग त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली. तिच्यावरून पातळसं, ताकासारखं फेसाळलेलं काहीतरी ओघळलं आणि तापल्या इंजिनवर पडून चुर्र वाजलं. मैदानातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"क्या सार," साहेब शांतपणे म्हणाले, "इंजन को पोपु लगाए क्या?"

पोपु म्हणजे फोडणी. हेही सगळ्यांना कळलं. गोपाळरावांचा चेहरा भुवयांसकट पुन्हा गुलाबी झाला.

"साब, मैं... इसमें कोई क्या डाला, मेरे को मालूम नहीं."

तेवढ्यात मागच्या सीटवरून, काळ्या चष्म्यामागून, आवाज आला. "टाकलं नाही. पाजलं."

सगळे वळले. माणिकराव विड्याला चुना लावत होते.

"दादा, तुमी पाजलं?"

"मंग कोन पाजंल? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकली त्याची, बैलाचे खांदे शेकतो तशी. तेल-हळद लावली वशिंडाले, त्या काचेखाली. तवा पाह्यलं, जनावर खोकलते, पोट गुरगुरते. बैलाचं असं झालं की आपण जवसाचं तेल पाजतो का नाही? उन्हाळ्यात डोळे दाखवाले आलो तवा त्या करणनं त्याच तोंडातून पाजलं होतं, मी पाह्यलं ना. पण ते दुकानचं तेल. त्यात काय कस असते? मी घाणीचं पाजलं. रोज सकाळी, थोडं थोडं."

"अन् ते झाकण?"

"सैल ठेवत होतो. पाजल्यावर तोंड दाबत नसतात, ढेकर याले पाह्यजे." माणिकरावांनी विडा दुमडला. "दोन दिवसांपासून कोन तरी घट्ट पिळून ठेवते. मी फिरून सैल करतो."

गोपाळरावांनी हातातली पेन्सिल खिशात टाकली. "दादा, पंधरा दिवस आमी गळती शोधून राह्यलो. मले सांगितलं काऊन नाही?"

"इचारलं कोठं तुमी मले?" माणिकराव म्हणाले. "तुमी सगळे गाडीलेच इचारून राह्यले होते."

लक्ष्मणराव खाणीत असताना सुद्धा कधी इतके खाली बघत नसतील. साहेबांना मराठी किती कळलं कोण जाणे, पण खांद आणि बैल कळले असावेत, कारण त्यांनी एकदा त्या म्हाताऱ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि कागद मिटून गोपाळरावांना परत दिले. "तेल निकालो. धुलाओ. बाद में लाओ," म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.

घरी पोचल्यावर खरा पेच पडला. गाडी पास झाली नव्हती, हे नक्की. पण नापास झाली का? गोपाळरावांचा शब्द होता: नापास झाली तर त्याच दिवशी भंगार. तो दिवस अजून चालू होता.

"शब्द म्हणजे शब्द," वनमालाबाई म्हणाल्या. "लक्ष्मणराव ऐकून हायेत."

"मी ऐकलं होतं 'नापास'," लक्ष्मणराव म्हणाले. शास्त्राचं जे झालं होतं त्यानंतर ते आता प्रत्येक शब्द मोजून टाकत होते. "हे काय हाये, सांगता येत नाही."

"निकाल राखून ठेवलाय," आरोही म्हणाली. "मम्मी, आमच्याकडे पण असतं. प्रॅक्टिकलची वही अपुरी असली की सर नापास करत नाहीत, पूर्ण करून आणा म्हणतात. त्याला नापास म्हटलं तर अर्धा वर्ग नापास होईल."

गोपाळरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलीकडे वकिलाकडे बघतात तसं पाहिलं. वनमालाबाईंवर मात्र परिणाम झाला नाही. त्या फाटकासमोरच्या वर्तुळांकडे बोट दाखवणारच होत्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष ओसरीवर गेलं. माणिकरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता, जे डॉक्टरांनी करू नका सांगितलं होतं. पानाचा डबा मिटलेला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "चूक माझी हाये. मी उद्या गावाले जातो. पण माझ्यापायी त्याले खाटकाले नका देऊ."

बैलजोडी विकली तेव्हा ती कुठं गेली हे त्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. वनमालाबाई उठल्या, चष्मा उचलून थोरल्या दिरांच्या हातात दिला.

"हा लावा आधी, दादाजी. अन् उद्या कुठं जाता, डोळे पूर्ण बरे झाल्याशिवाय? निकाल राखून ठेवला म्हणे. मंग राखून ठेवला." मग नवऱ्याकडे वळल्या. "पण जवसाचं तेल तुमी आणून द्यायचं. चटणी कशासंग खायची?"

करणनं इंजिन रिकामं केलं तेव्हा गॅरेजमागच्या गल्लीतली एकूणएक कुत्री आली आणि शिस्तीत बसली. त्यानं इंजिन दोनदा धुतलं, नवं तेल घातलं, आणि आणखी तीन वॉशर बदलले, कारण ते तो बदलणारच होता. गाडी गळायची थांबली. दुसऱ्या वेळी साहेबांनी बॉनेट उघडलं, नाक पुढे करून वास घेतला, आणि जरासे नाराज दिसले. गाडी पास झाली. संध्याकाळी गोपाळरावांनी गुडघ्यावर बसून फाटकासमोरचा डाग सोडा लावून घासला. वनमालाबाईंनी त्यावर सडा घातला आणि मुद्दाम मोठी रांगोळी काढली. गाडी चार हात पुढे, लक्ष्मणरावांच्या फाटकासमोर उभी राहू लागली. साक्षीदाराला तेवढं सोसावंच लागतं.

महिना संपल्यावर गोपाळरावांनी भावाला गाडीनंच गावी सोडलं. अंगणात ते गाडी उभी करू लागले तर माणिकराव म्हणाले, "तिथं नको, ऊन हाये. गोठ्यात लाव."

गोठा दोन वर्षं रिकामा होता. दावणी होत्या, दावी खुंट्यांना गुंडाळलेली होती. गाडी आत बरोबर मावली. जेवणं झाली, निघायची वेळ झाली, तेव्हा गोपाळरावांनी सवयीनं खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. फक्त पुढच्या चाकांपुढे मूठभर कुटाराचा चारा कोणीतरी टाकून ठेवला होता. त्यांनी बॉनेट उघडून झाकण घट्ट आहे का पाहिलं. घट्ट होतं.

"हात नाही लावला," माणिकराव दाराशी उभं राहून म्हणाले. "पाजणं आता बंद." मग पानाचा डबा उघडला. चुना लावला, कात लावला, पान दुमडलं. "पुढच्या पोळ्याले आणशीन का त्याले? खांद तेवढी शेकतो."

गोपाळरावांनी आजवर साहेबांच्या सहीशिवाय कशालाच मंजुरी दिली नव्हती. त्यांनी बॉनेट खाली घेतलं, तळहातानं दाबून बसवलं.

"बाहेरून," ते म्हणाले. "दादा, फक्त बाहेरून."